सतरावा पाईप

लाल ऑइलपेंटचा डबा माझ्या हातात होता आणि ज्या हातपंपाला तो फासायचा, त्याच्याच ओट्यावर लंकाताई ओव्हाळ मांडी ठोकून बसल्या होत्या.

"उठा बाई," मी म्हणाले. "ऊन वाढतंय."

"वाढू द्या की. त्येला कुणी आडवलंय?"

"मला अजून दोन गावं करायचीत."

"मग ती करून या. आमी कुटं जातोय!"

मागे उभ्या असलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझा पारा चढला. त्या काळात तो चढायला फारसं निमित्त लागत नसे. मी सव्वीस वर्षांची, प्रदूषण नियंत्रणाच्या सरकारी खात्यात नव्यानं लागलेली क्षेत्र अधिकारी. नियमांची पुस्तिका मला तोंडपाठ होती आणि पुस्तिकेत न बसणारी माणसं मला मुद्दाम त्रास द्यायला जन्मली आहेत असं वाटायचं.

बोरखिंडीची ओव्हाळ वस्ती म्हणजे माळावरची चाळीसेक घरं. त्या चाळीस घरांना पाणी एकच, या पंपाचं. दिवाळीपासून ते पिवळसर यायला लागलं होतं, कडू लागायला लागलं होतं. मी नमुना नेला, प्रयोगशाळेचा अहवाल आला: पिण्यास अयोग्य. असा अहवाल आला की पंपाचा दांडा काढायचा, पंप लाल रंगवायचा आणि पंचायत समितीचा 'पंप बंद' हा फॉर्म भरायचा, अशी रीत. समितीचे उपअभियंता रजेवर, म्हणून डबा आणि फॉर्म माझ्या जीपमध्ये आले होते. त्या फॉर्मवर तालुक्याच्या मेकॅनिकची सही लागे, आणि तालुक्याची मेकॅनिक म्हणजे ओट्यावर बसलेली ही बाई. दहा वर्षांपूर्वी सरकारनं बायकांना हातपंप दुरुस्ती शिकवायची योजना काढली होती. अकरा जणी शिकल्या. दहा जणींनी लोकांच्या टोमण्यांना कंटाळून सोडून दिलं. लंकाताईंनी टोमणे मारणाऱ्यांचेच पंप दुरुस्त केले. काष्टा कसून, हातभर लांबीचा पाना सायकलच्या दांडीला बांधून त्या दोन डझन गावं फिरायच्या.

"मला वाचता येतं म्याडम," त्या म्हणाल्या. "फारमवर कारण काय लिवलंय त्ये दावा."

मी फॉर्म पुढे केला. कारणाच्या रकान्यात आमच्या साळगावकर साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: नैसर्गिक क्षार.

"क्षार म्हंजी मीठच ना?"

"साधारण तसंच."

"मग खारट लागाया पायजे. ह्ये कडू हाय. खारट आन् कडू यातला फरक तान्हं पोरबी सांगंल. म्या सही करीत न्हाई."

"लंकाताई, हे पाणी पिण्यासारखं नाही, एवढं तरी मान्य आहे ना? मग बंद करायलाच हवं."

"करा की बंद. आमी तरी कुटं पितोय? दोन कोसावरनं आणतोय. पर माणूस मेला तर दाखल्यावर कशानं मेला त्ये खरं लिवत्यात का न्हाई? ह्यो पंप म्या सोता बसवलाय. आट वर्सं ग्वाड पाणी दिलं त्यानं. दगडात क्षार व्हता, तर आट वर्सं कुटं गेलता त्यो? मामाच्या गावाला?"

बायका पुन्हा हसल्या. मला हसू आलं नाही. आणि त्या रकान्याचं मोल मला पुरतं ठाऊक होतं. 'नैसर्गिक' लिहिलं की दोष कुणाचाच नाही. दोष नाही म्हणजे टँकर नाही, पाइपलाइन नाही, चौकशी नाही. वस्तीनं आपलं आपण बघायचं. दोन कोसांचं पाणी किती दिवस डोक्यावर आणणार? फार तर एक उन्हाळा. मग घरं उठणार.

"तुमचं म्हणणं तरी काय आहे?" मी विचारलं.

"पाईप काढून दावते. तीन तासांचं काम हाय. वाईच लिंबाखाली बसा."

बसले. दुसरं काय करणार? सहीशिवाय फॉर्म अपुरा, आणि अपुरा फॉर्म घेऊन परत जाणं माझ्या स्वभावात नव्हतं.

त्यानंतर जे पाहिलं ते आजही डोळ्यांपुढे जसंच्या तसं आहे. लंकाताईंनी तीन वाशांची तिवई पंपावर उभी केली, तिला कप्पी लावली. आठ बायका दोरावर उभ्या राहिल्या. पंपाचं डोकं खाली उतरलं आणि बोअरमधून एकेक पाईप वर यायला लागला. दहा-दहा फुटांचा लोखंडी पाईप. बोअरच्या तोंडाशी लंकाताई. "वढा... वढा... थांब!" म्हणत पकड लावायच्या, वरचा पाईप पान्यानं सोडवायच्या, की पुन्हा "वढा!" खालचा सगळा भार त्या एका पकडीवर लोंबकळत असे. ती निसटली तर पाईप पाताळात आणि मेकॅनिकची बोटं पाइपाबरोबर. त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. मध्येच कुणाच्या तरी सुनेच्या बाळंतपणाची चौकशी चालली होती.

निघालेला प्रत्येक पाईप त्या गोणपाटांवर ओळीनं मांडत होत्या. प्रत्येकाच्या तोंडाशी छिन्नीनं मारलेल्या खाचा होत्या; पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, अशा. पंप बसवताना त्यांनीच मारलेल्या. असं करायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

वीस पाईप निघाले. दोनशे फूट.

"या," त्यांनी हाक मारली. "आता वाचा तुमीच."

मी ओळीच्या कडेनं चालत गेले. पहिला पाईप करडा, थोडा गंजलेला. दुसरा तसाच. पाचवा, दहावा, सोळावा, सगळे करडे. सतराव्याशी माझे पाय थांबले. त्याच्या मध्यापासून खाली रंग बदलला होता. तांबडा-नारिंगी डाग, आणि डागाखाली लोखंडाला वाळवी लागल्यासारखी बारीक भोकं. अठरावा, एकोणिसावा त्याहून वाईट. विसाव्याचे आटे तर खाऊनच गेले होते.

"वरनं झिरपलं असतं, तर कोणचा पाईप आदी खराब झाला असता?" लंकाताईंनी विचारलं. त्या मला शिकवत होत्या, आणि नवल म्हणजे मला त्याचा राग येत नव्हता.

"पहिला."

"आन् हितं?"

"सतरावा. एकशे पासष्ट फुटांवर."

"म्हंजी घाण वरनं उतरली न्हाई. खालच्या खालीच आडवी आलीया, दगडाच्या भेगंतनं."

"खडकात गेरूचा थर असेल," मी पुस्तकातलं शेवटचं शस्त्र काढलं. "त्याचाही डाग लाल पडतो."

"गेरू पाण्यानं जातो. ह्यो न्हाई जात. शिमग्याला वायसर बदलाया पाईप काढले, तर आट दिस हात रंगल्याले. आमचं मालक म्हनले, कुणाच्या लग्नाची मेंदी गं ही?"

मी सतराव्या पाइपावरून बोट फिरवलं. डाग बोटावर आला. ओढणीला पुसला, ओढणीला लागला. बोटावरचा हलला नाही.

बोरखिंडीपासून चार किलोमीटरवर खैरमाळची औद्योगिक वसाहत. तिथे कापडाच्या रंगांचा कच्चा माल करणारा एक कारखाना होता. गाव त्याला लाल कंपनी म्हणे. तो आता राहिलेला नाही, म्हणून मीही तेवढंच नाव ठेवते. लाल कंपनीच्या तपासणीला मी तीनदा जाऊन आले होते. बाहेर एक थेंब सांडपाणी नाही, नाला कोरडा ठणठणीत. आम्ही सगळं आटवतो, असं ते सांगत, आणि मी तसं लिहीत असे. त्या शुक्रवारी कंपनीच्या संमतीपत्राचं नूतनीकरण होतं. उत्पादन दुप्पट करायची परवानगी त्यांनी मागितली होती.

"मला येकच सांगा म्याडम," लंकाताई पाना पुसत म्हणाल्या. "दोनशे फूट खोल भोक त्या कंपनीत कुटं हाय?"

मला ते ठाऊक होतं.

"बघते," एवढंच मी म्हणाले आणि रंगाचा डबा परत जीपमध्ये ठेवला.

साळगावकर साहेबांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. वाईट माणूस नव्हता. पण नवीन भांडण सुरू करायला आठ महिने कमी पडतात, असं त्यांचं मत होतं.

"पाईप बघून?" ते म्हणाले. "फडतरे, आपण प्रयोगशाळेचे अहवाल बघतो. पाईप प्लंबर बघतात."

"साहेब, लाल कंपनीत दोनशे फुटांचं एकच बोअर आहे. पुनर्भरणाचं. पावसाचं पाणी गाळून जमिनीत सोडायचं. गेल्या जूनमध्ये सुरू झालं, आणि दिवाळीत पंप कडू झाला."

ते उठले, कपाटातून फाइल काढली, एक पान उघडून माझ्यापुढे सरकवलं.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"वाचा."

मी वाचलं. "'कंपनीचा जलपुनर्भरण प्रकल्प वसाहतीतील इतर उद्योगांनाही अनुकरणीय आहे.'"

त्या बोअरची पाहणी मीच केली होती. ते हिरवं छप्पर, धुतलेली वाळू, चुन्याच्या रेघा मारलेले दगड बघून भारावले होते. नोकरीतला माझा तो पहिला कौतुकाचा अहवाल. त्यावर कंपनीला उद्योजकांच्या संघटनेचं प्रशस्तिपत्र मिळालं आणि मला साहेबांचा 'उत्तम' असा शेरा.

"तुमचं प्रोबेशन संपायला किती महिने?"

"चार."

"हं." त्यांनी चष्मा काढला. "मी अडवत नाही. पण नमुना मिळाला नाही, तर शुक्रवारी मी संमतीपत्र देणार. मग माझ्याकडे पाईप घेऊन येऊ नका. आणि हे बघा, नोटीस आधी, बाटली नंतर. दोन्हींवर वेळ घाला. कोर्टात वेळेच्या घोळावरच केस मरते."

घरी आले. डाग लागलेलं बोट डाव्या हातात धरून बसले. लंकाताईंना मी त्या अहवालाचं सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं धाडस होत नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी लाल कंपनीच्या फाटकावर गेले. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक वसाहतीतले पोस्टमन जगदाळे होते. दुसऱ्या पंच सायकलवरून आल्या, दांडीला पाना बांधून.

"पंचाला पाना कशाला?" मी विचारलं.

"म्या लग्नालाबी पाना घिऊन जाते. मांडवाजवळचा पंप हमखास बिगाडल्याला असतोय."

कंपनीचे व्यवस्थापक देसले गोडबोले माणूस. त्यांनी ताक मागवलं, स्वतः सोबत आले. पुनर्भरणाच्या कोपऱ्यावर नवा फलक लागला होता: 'पावसाचे पाणी, भूमातेची ओटी'. खाली हिरवं छप्पर, खडीचा थर, मधोमध आठ नटांनी आवळलेलं लोखंडी झाकण. मी खडीत हात खुपसला. कोपरापर्यंत कोरडी आणि तापलेली. सांडपाणी इथून सोडत असतील, तर खडी ओली हवी होती. इथे पाणी नव्हतं. सहा महिन्यांत कधी असावं, असंही वाटत नव्हतं.

"झाकण उघडा," मी म्हणाले.

"उघडलं असतं हो मॅडम," देसले हसले. "आमची काहीच हरकत नाही. हरकत तुमचीच आहे."

त्यांनी ऑफिसातून एक चौकट आणवली. काचेखाली प्रशस्तिपत्र, आणि त्याला जोडलेला माझा अहवाल. देसल्यांनी तो मोठ्यानं वाचला.

"'गाळणथरात धूळ जाऊ नये म्हणून पुढील पावसाळा सुरू होईपर्यंत झाकण उघडू नये.' अट क्रमांक चार. सही, स्मिता फडतरे, क्षेत्र अधिकारी." त्यांनी चौकट छातीशी धरली. "तुमचीच अट आम्ही कशी मोडायची?"

ती अट मला कुणी सांगितली नव्हती. कुठल्याशा पत्रकात वाचली आणि आपलं ज्ञान दिसावं म्हणून घातली. ज्या झाकणाखाली पाप होतं, त्यावर सरकारी कुलूप मीच घातलं होतं, आणि तेही हौसेनं.

लंकाताई माझ्याकडे बघत होत्या.

"ह्यो कागद तुमचा हाय?"

"हो."

"त्या दिशी बोलला न्हाई."

"लाज वाटली," मी म्हणाले. देसल्यांसमोर, पोस्टमनसमोर म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

त्या पाठ फिरवून निघून जातील असं मला वाटलं. गेल्या असत्या तर मी काय केलं असतं, देव जाणे. बहुधा ताक पिऊन परतले असते आणि आयुष्यभर अहवाल लिहीत राहिले असते. पण त्या वाकल्या. झाकणापाशी उकिडव्या बसल्या आणि एका नटावरून अंगठा फिरवला.

"सायेब, ह्ये कवापास्नं बंद हाय?"

"ऑक्टोबरपासून. कुणी हात लावलेला नाही."

"मग नट उजळ कशे?"

देसल्यांनी चौकट दुसऱ्या हातात घेतली.

"सा म्हैने उगड्यावर ऱ्हायल्याला नट तांबारतो. ह्येचे कोपरे बगा, पाना फिरून फिरून चकाकत्यात. आन् ह्ये ग्रीस." त्यांनी बोट वर केलं. "ताजं हाय. धूळबी बसली न्हाई अजून. माझ्या पंपाचे नट आट वर्सांत यवढे झिजले न्हाईत."

त्या उठल्या, सायकलकडे गेल्या, पाना सोडून आणला आणि माझ्यापुढे धरला.

"सही तुमची हाय, तर नटबी तुमीच खोला."

रागानं नव्हे, टोचून नव्हे. घरात कुणी कुणाच्या हाती कोयता द्यावा, तसा साधा दिला. मी आजवर खूप मोठ्या माणसांना भेटले. मंत्री, सचिव, परदेशी तज्ज्ञ. माणसाला त्याची चूक दुरुस्त करायचं हत्यार इतक्या सहज हातात देणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही.

आधी नोटीस. वेळ घातली, अकरा वाजून वीस मिनिटं. मग पंचनामा. त्यात लिहिलं: 'अट क्रमांक चार मी घातली होती. ती घालताना माझी चूक झाली. झाकण माझ्या जबाबदारीवर उघडत आहे.' पंचांनी सह्या केल्या. मग मी गुडघ्यांवर बसले आणि पाना नटाला लावला. तो हलेना.

"हातानं न्हाई, खांद्यानं," मागून आवाज आला.

आठही नट मीच काढले. झाकण सरकवताच असा भपकारा आला की जगदाळे मागे सरले. खडीच्या थराखालून, बाहेरून दिसणार नाही असा एक जाड पाईप आडवा येऊन बोअरमध्ये शिरलेला होता. सांडपाण्याच्या टाकीकडून. खडी, वाळू, फलक हे सगळं देखाव्याचं. पाणी त्याला शिवतच नव्हतं.

लंकाताईंनी नमुन्याच्या बाटलीला दोर बांधला, वजनाला एक मोठा नट लावला आणि बाटली खाली सोडली. दोर हातातून जाताना त्या तोंडातल्या तोंडात फूट मोजत होत्या. बाटली वर आली. आत काळपट लाल पाणी. मी ती हातात घेतली.

ती कोमट होती. त्याच सकाळी सोडलेलं होतं ते.

"मागल्या पावसाचं साचलेलं असेल," देसले म्हणाले.

"कोमट पाऊस कुटं पडतो वो, सायेब?" लंकाताईंनी विचारलं.

नमुना दोन बाटल्यांत भरला, लाखेनं मोहर केली, चिठ्ठ्यांवर देसल्यांनी सह्या केल्या. त्यांचं पेन चालेना, तेव्हा मी माझं दिलं.

शुक्रवारी साळगावकर साहेबांनी संमतीपत्र नाकारलं. बोअर मोहरबंद झालं. वस्तीला आधी टँकर आणि दीड वर्षानं नळ आला, कंपनीच्या खर्चानं. खटला सहा वर्षं चालला. कंपनीच्या वकिलानं पहिला पुरावा म्हणून माझाच 'अनुकरणीय' अहवाल दाखल केला आणि मला तासभर उभं ठेवलं. मी एकच उत्तर देत राहिले, "मी चुकले होते, आणि ते त्याच दिवशी पंचनाम्यात लिहिलंय." त्या ओळीवर केस टिकली. माझं प्रोबेशन एक वर्ष वाढलं. ते वाढायलाच हवं होतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी मी बोरखिंडीला गेले, तेव्हा वस्तीत नुसता आनंद होता. लंकाताईंनी गुळाचा चहा केला.

"मग पंप कवा सुरू करायचा?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. भूजलवाल्यांना मी विचारून आले होते.

"लंकाताई, दगडात गेलेलं पाणी काढता येत नाही. नदी एका पावसाळ्यात धुऊन निघते, खडक नाही. ते म्हणतात, वीस वर्षं लागतील. तीसही लागतील. नक्की कुणालाच सांगता येत नाही."

लंकाताईंचे हात मोकळे, नुसते मांडीवर पडलेले मी तेव्हाच एकदा पाहिले. मग त्यांनी विचारलं, "त्यो डबा हाय का गाडीत?"

"आहे."

"आणा."

मी फॉर्मवरचं 'नैसर्गिक क्षार' खोडलं आणि लिहिलं: 'कारखान्याचे विषारी सांडपाणी बोअरमधून जमिनीत सोडल्यामुळे.' त्यांनी शब्दांखाली बोट फिरवत ते दोनदा वाचलं. मग एकेक अक्षर लावून सही केली: लंका भानुदास ओव्हाळ. पंप त्यांनी स्वतः रंगवला. मी कुंचला मागितला तर दिला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, त्यांच्या नाही.

दांडा काढल्यावर मी म्हणाले, "हा समितीच्या गोदामात जमा करायचा असतो."

"थितं गंजंल. माझ्याजवळ ऱ्हाऊ द्या."

मी फॉर्मवर लिहिलं, 'दांडा मेकॅनिककडे जमा.'

"आनखी येक कागद पायजे," त्या म्हणाल्या. "दर मे म्हैन्यात पाईप काढायची परवानगी."

"बंद पंपाचे? कशाला?"

"खालचे चार पाईप पांढरे रंगवून सोडते. वर्सानं काढून बगायचं, कितव्यापातूर लाल झालं. पुन्ना घासायचे, पुन्ना पांढरे करून सोडायचे. कवातरी उतरंल ना ती घाण? उतरली तर कुणाला तरी कळाया नगं का?"

ऑफिसात येऊन मी पुस्तिका काढली. 'निरीक्षण विहीर' अशी एक तरतूद तीत होती. आमच्या तालुक्यात ती कुणी कधी वापरली नव्हती. आदेश टाइप केला. नोकरीत मी हजारो आदेश काढले, पण अभिमान वाटतो तो त्या अर्ध्या पानाचा.

त्यानंतर दर मेमध्ये फोन यायचा. आधी गावच्या बूथवरून, मग मोबाइलवरून. मी सांगलीला होते, नागपूरला होते, पुन्हा इकडे आले. फोनवर दोनच शब्द असत. "सतरावा लाल." मी म्हणायचे, "बरं." त्या म्हणायच्या, "ठिवते." आमची प्रयोगशाळाही दरवर्षी नमुना काढी, त्याचे आकडे माझ्या टेबलावर येत; पण मी वाट बघायची ती या फोनची. लंकाताई निवृत्त झाल्या तरी पाईप काढायचं थांबलं नाही. दोरावर आता सुना होत्या. नव्यानं लागलेल्या अधिकाऱ्यांना मी शिकवायला जाते, तेव्हा पुस्तिका उघडण्याआधी एक उजळ नट आणि एक गंजलेला नट टेबलावर ठेवते.

त्या आदेशानंतरचा एकोणिसावा मे. मी बैठकीत होते. फोन थरथरला, नाव बघून मी तिथेच उचलला.

"म्याडम, बसलाय का उभ्या हाय?"

"बसलेय. का हो?"

"सतरावा पांढरा निघाला."

मी उठले, बैठक तशीच सोडून बाहेर व्हरांड्यात आले. बाहेरचा शिपाई माझ्याकडे बघतच राहिला.

"हॅलो? ऐकाया येतंय न्हवं? वरपास्नं खालपातूर पांढरा, जसा सोडला तसा. अठरावा लालच हाय बरं का. उगं नाचू नका."

"लंकाताई," मी म्हणाले, "तीन पाईप राहिले."

"तीनच," त्या म्हणाल्या. "आज दांडा माळ्यावरनं खाली काडला. ग्रीस लावून ठिवलाय."